वजनासाठी इंजेक्शनऐवजी गोळी चालेल का?

प्रश्न असा आहे. नाशिकमधील ४४ वर्षांच्या एका प्राथमिक शिक्षिकेने लिहिले आहे की त्यांची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ८६ किलो आहे. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली आहे, एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ६.१ आहे, आईला मधुमेह होता आणि काही वर्षांपासून त्या स्वतः रोज सकाळी थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेत आहेत. शाळा सकाळच्या सत्रातली आहे. आहार सांभाळून आणि चालून पाहिले, पण उतरलेले वजन प्रत्येक वेळी परत आले. तेव्हा डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन सुचवले. सुईची त्यांना भीती वाटते आणि न्यू जर्सीत राहणारा भाचा सांगतो की तिकडे तेच औषध आता गोळीच्या रूपात मिळते. गोळी तितकीच गुणकारी असते का, तिचा त्रास कमी होतो का आणि भाच्याकरवी ती मागवावी का, असे त्यांनी विचारले आहे.

भाच्याने सांगितले ते खरे आहे. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २५ मिलिग्रॅमच्या, रोज घ्यायच्या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २२ डिसेंबर २०२५ रोजी वजन कमी करण्यासाठी मान्यता दिली आणि जानेवारी २०२६ मध्ये ती तिथल्या औषध दुकानांत आली. वजन उतरवण्याच्या बाबतीत ही गोळी त्याच औषधाच्या साप्ताहिक इंजेक्शनच्या बरीच जवळ जाते. त्रासाच्या बाबतीत मात्र ती सौम्य नाही, आणि आपला दिनक्रम पाहता खरी अडचण सुईची नसून सकाळच्या एका तासाची आहे. भाच्याकडून मागवण्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर नकारार्थी आहे. याची कारणे आता सविस्तर सांगतो, कारण गोळी म्हणजे इंजेक्शनचा हलका अवतार हा समज दवाखान्यात रोज ऐकू येतो आणि औषधाची निवड त्या समजावर होऊ लागली आहे.

सेमाग्लुटाइड हे जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे काम करते. ते मेंदूतील भूक आणि तृप्तीच्या केंद्रांवर परिणाम करते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि रक्तातील साखर वाढलेली असेल तेव्हा इन्सुलिनचा स्राव वाढवते. रचनेने ते प्रथिनांच्या जातीचे आहे, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी आहे, आणि अशी साखळी तोंडावाटे पोटात गेली की डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनांप्रमाणेच पचून जाते. इन्सुलिन आजही गोळीच्या रूपात मिळत नाही ते याच कारणामुळे. सेमाग्लुटाइडच्या गोळीत हा अडथळा ओलांडण्यासाठी औषधासोबत स्नॅक या नावाने ओळखला जाणारा एक पदार्थ मिसळलेला असतो. गोळी जठराच्या अस्तराला टेकून विरघळते तेव्हा हा पदार्थ तेवढ्याच जागेपुरती आम्लता कमी करतो, पाचक रसापासून औषधाला थोडा वेळ वाचवतो आणि अस्तराच्या पेशींतून त्याला रक्तात शिरू देतो. एवढी योजना करूनही गोळीतील औषधापैकी साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग रक्तात पोहोचतो; बाकीचे सगळे पचून वाया जाते.

या एका टक्क्यातून पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. इंजेक्शनची पूर्ण मात्रा आठवड्याला २.४ मिलिग्रॅम आहे, तर रोज २५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने गोळीतून आठवड्याला १७५ मिलिग्रॅम औषध घ्यावे लागते, म्हणजे सत्तर पटींहून अधिक. गोळी म्हटली की ती स्वस्त असणार, अशी आपली सवयीची अपेक्षा असते. पण या औषधाच्या बाबतीत गोळीला कच्चा माल कितीतरी जास्त लागतो आणि बचत होते ती इंजेक्शनचे पेन, सुई आणि शीतसाखळी यांच्या खर्चात. दुसरे असे की शोषण मुळातच इतके तोकडे असल्यामुळे पोटात अन्न असणे, पाणी जास्त होणे, चहाचा घोट जाणे किंवा दुसरी गोळी सोबत असणे यांपैकी काहीही घडले तरी तो एक टक्का जवळपास शून्यावर येऊ शकतो.

म्हणून गोळी घेण्याची पद्धत हा औषधाचाच भाग समजावा लागतो. सकाळी उठल्यावर, पोट पूर्ण रिकामे असताना, साध्या पाण्याच्या एक-दोन घोटांबरोबर गोळी अखंड गिळायची. पाणी जास्तीत जास्त १२० मिलिलिटर चालते, म्हणजे चहाचा छोटा कप भरेल इतकेच. गोळी तोडायची, चावायची किंवा चुरून घ्यायची नाही. त्यानंतर किमान ३० मिनिटे खाणे, चहा, दूध, लिंबूपाणी, काढा किंवा दुसरे कोणतेही औषध घ्यायचे नाही. वेष्टनातून गोळी काढून साप्ताहिक डबीत भरून ठेवण्याची सवय अनेकांना असते, तीही इथे सोडावी लागते, कारण दमटपणाने ही गोळी खराब होते. एखाद्या दिवशी राहून गेली तर दुपारी घेऊ नये आणि दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. तो दिवस सोडून द्यावा. औषध शरीरातून निम्म्याने कमी व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एका दिवसाच्या चुकीने फारसे बिघडत नाही. आठवड्यातून चार दिवस चहाबरोबर गोळी घेतली जात असेल, तर मात्र औषध सुरू आहे असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

आता आपल्या सकाळीकडे पाहू. थायरॉक्सिनची, म्हणजे आपली थायरॉईडची गोळीही उपाशीपोटीच घ्यायची असते आणि तिच्यानंतरही अर्धा ते एक तास चहा-कॉफी टाळायची असते. दोन्ही गोळ्या एकत्र घेता येत नाहीत. म्हणजे पहाटे साडेपाचला सेमाग्लुटाइड, सहाला थायरॉक्सिन आणि चहा साडेसहाच्या पुढे, असे वेळापत्रक होईल. ज्या घरात पहाटे ओटा सुरू होतो, डबे भरायचे असतात आणि सातच्या आत शाळेसाठी निघायचे असते, तिथे हे कागदावर दिसते तितके सोपे नाही. पहिला चहा उशिरा घेणे हीच अट लोकांना सर्वांत जड जाते, असा माझा अनुभव आहे. मळमळ सोसणारी माणसे चहा पुढे ढकलायला तयार होत नाहीत. आम्लपित्ताची गोळीही आपण सकाळी अनशापोटी घेत असाल, तर तिसरी अडचण उभी राहते.

एक पर्याय आहे. थायरॉक्सिन रात्री झोपताना घेता येते आणि त्या वेळी घेतलेले थायरॉक्सिन चांगले काम करते, हे अभ्यासांत दिसले आहे. अट एवढीच की रात्रीच्या जेवणाला तीन तास तरी झालेले असावेत. साडेनऊला जेवून अकराला आडवे होणाऱ्या घरात ही अट पाळली जात नाही. आपल्याकडे जेवण साडेसात-आठला उरकत असेल, तर हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. याशिवाय एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सेमाग्लुटाइडच्या गोळीमुळे जठर हळू रिकामे होते आणि थायरॉक्सिन नेहमीपेक्षा जास्त शोषले जाते. औषधाच्या परस्परक्रियेच्या अभ्यासात ही वाढ सुमारे ३३ टक्के दिसली होती. त्यातच वजन उतरले की थायरॉक्सिनची गरज कमी होऊ शकते. म्हणून औषध सुरू केल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासले पाहिजे आणि मात्रा वाढवल्यावर पुन्हा तपासले पाहिजे. धडधड, हाताला कंप किंवा झोप उडणे अशी लक्षणे दिसली, तर ती वजनाच्या औषधाची आहेत असे समजून गप्प बसू नये.

गुणाच्या बाबतीत आकडे पाहू. २५ मिलिग्रॅमच्या गोळीचा मुख्य अभ्यास ओअॅसिस-४ या नावाने ओळखला जातो. त्यात ३०७ लोक होते, कालावधी ६४ आठवड्यांचा होता, आणि गोळी मिळालेल्या गटाचे वजन सरासरी १३.६ टक्क्यांनी, तर प्लासिबो म्हणजे औषध नसलेली सारखी दिसणारी गोळी मिळालेल्या गटाचे २.२ टक्क्यांनी घटले. साप्ताहिक इंजेक्शनच्या स्टेप-१ या अभ्यासात १,९६१ लोक होते; ६८ आठवड्यांत तिथे १४.९ टक्के घट झाली होती. दोन्ही अभ्यास स्वतंत्र आहेत, त्यांतील माणसे वेगळी आहेत, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून दशांशांवर वाद घालण्यात हशील नाही. पण दोन्ही एकाच पल्ल्यात आहेत, एवढे म्हणता येते. आपल्या वजनाला हा हिशेब लावला तर सव्वा वर्षाच्या सुमारास ८६ किलोंचे ७४-७५ किलो व्हावेत. ही सरासरी आहे. काहींचे वीस टक्के उतरते, तर काहींचे पाचही उतरत नाही.

टर्झेपाटाइड हे दुसरे साप्ताहिक इंजेक्शन मात्र या दोन्हींच्या पुढे आहे. ते जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते, आणि सर्मौंट-१ या अभ्यासात १५ मिलिग्रॅमच्या कमाल मात्रेवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन कमी झाले. त्याच्या तोडीची गोळी वरच्या कोणत्याही अभ्यासात दिसलेली नाही. आपल्या डॉक्टरांनी सुचवलेले इंजेक्शन यांपैकी कोणते आहे ते आपण लिहिलेले नाही. ते टर्झेपाटाइड असेल, तर त्याऐवजी सेमाग्लुटाइडची गोळी घेताना गुणाचा थोडा भाग आपण सोडून देत आहोत, हे माहीत असलेले बरे.

ऑर्फोरग्लिप्रॉन नावाच्या आणखी एका गोळीबद्दल आपल्या वाचनात आले असेल. ती प्रथिनांच्या जातीची नाही. जपानच्या चुगाई कंपनीत सापडलेला आणि नंतर एलाय लिली कंपनीने पुढे नेलेला तो एक छोटा रासायनिक रेणू आहे. तो पोटात पचून जात नाही, त्यामुळे त्याला उपाशीपोटीची, मोजक्या पाण्याची किंवा अर्ध्या तासाची अट लागत नाही. अॅटेन-१ या ३,१२७ लोकांच्या अभ्यासात कमाल मात्रेवर ७२ आठवड्यांत वजन सरासरी ११.२ टक्क्यांनी घटले. प्लासिबो गटात २.१ टक्क्यांनी. म्हणजे गुण थोडा कमी, पण घ्यायला कितीतरी सोयीची. आपल्यासारख्या दिनक्रमाला दीर्घकाळात हीच जात जास्त मानवेल, असे माझे मत आहे. त्याच वेळी या वाटेवरचे अपयशही विसरू नये. फायझर कंपनीने याच पद्धतीचे दोन रेणू विकसित करायला घेतले होते, आणि यकृतावरील परिणामांच्या चिंतेमुळे त्यांपैकी एक २०२३ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०२५ मध्ये सोडून दिला. गोळी नवी असताना तिच्या दुष्परिणामांचा इतिहास छोटा असतो, आणि आपल्या यकृतावर चरबी असल्यामुळे मी या बाबतीत जरा जास्तच सावध आहे.

त्रास कोणाचा कमी, हा आपला दुसरा प्रश्न. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता, पोट जड वाटणे या तक्रारी औषध पोटातून जाते म्हणून होतात आणि टोचले तर पोट वाचते, असे काही जण समजतात. काहींचा समज नेमका उलटा असतो. दोन्ही बरोबर नाहीत. या तक्रारी मुख्यतः औषध रक्तात पोहोचल्यानंतर मेंदूवर आणि जठराच्या हालचालीवर होणाऱ्या परिणामातून येतात, त्यामुळे वाट कोणतीही असली तरी त्या येतात. ओअॅसिस-४ मध्ये गोळी घेणाऱ्या ७४ टक्के लोकांना पोटाची काही ना काही तक्रार झाली. स्टेप-१ मध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांतही हे प्रमाण ७४ टक्केच होते. प्लासिबो गटांतही चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांनी अशा तक्रारी सांगितल्या होत्या, हेही ध्यानात घ्यावे. बहुतेक तक्रारी मात्रा वाढवण्याच्या काळात येतात आणि पुढे ओसरतात. ताटात नेहमीपेक्षा निम्मेच वाढून घेणे, सावकाश जेवणे, तळलेले आणि साजूक तुपाने जड झालेले पदार्थ या काळात बाजूला ठेवणे आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने घेतलेली एक जिलेबी रात्रभर उलट्या करायला लावू शकते.

गंभीर दुष्परिणाम विरळ आहेत, पण ते दोन्ही प्रकारांत सारखेच लागू होतात. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. वरच्या पोटात कळ येऊन ती पाठीत जात असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर स्वादुपिंडाला सूज आली आहे का ते त्याच दिवशी पाहावे लागते. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल, तर ही औषधे घेऊ नयेत. आपल्याला आहे तो थायरॉईड मंदावण्याचा नेहमीचा आजार त्यात मोडत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. चव्वेचाळीसाव्या वर्षी पाळी सुरू असेल तर गर्भधारणा शक्य असते, म्हणून गर्भनिरोधनाची सोय आधी करावी. वजन उतरल्यावर बीजनिर्मिती सुधारते आणि अनपेक्षित गर्भ राहिल्याची उदाहरणे आम्हा डॉक्टरांना परिचित आहेत. टर्झेपाटाइड सुरू करताना आणि त्याची मात्रा वाढवताना तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, हेही सांगून ठेवतो. एखादी शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना या औषधाबद्दल न विसरता सांगावे, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते.

आपल्याकडे सेमाग्लुटाइडची गोळी जानेवारी २०२२ पासून मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. रायबेल्सस या नावाने आलेली ही गोळी ३, ७ आणि १४ मिलिग्रॅमच्या मात्रांत आली आणि तिला मान्यता मिळाली ती टाइप-२ मधुमेहासाठी. मधुमेहींच्या पायोनियर-४ या अभ्यासात १४ मिलिग्रॅमवर २६ आठवड्यांत सरासरी ४.४ किलो वजन कमी झाले होते. आपला एचबीए१सी ६.१ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा आहे, मधुमेह नव्हे, त्यामुळे ही गोळी आपल्याला लिहून देणे म्हणजे मंजूर कारणाबाहेरचा वापर ठरतो. डॉक्टर आपल्या निर्णयावर आणि जबाबदारीवर तसा वापर करू शकतात, मात्र अपेक्षा २५ मिलिग्रॅमच्या अभ्यासाची ठेवून मात्रा १४ ची घेतली तर निराशा होईल. इथे एक आडवाट लोक शोधून काढतात, ती म्हणजे १४ च्या दोन गोळ्या एकदम घेणे. तसे करू नये. दोन गोळ्यांत शोषण घडवणारा पदार्थही दुप्पट होतो, आणि जठरात नेमके किती औषध शोषले जाईल याचा हिशेबच कोलमडतो.

इंजेक्शनच्या बाबतीत परिस्थिती अधिक मोकळी आहे. टर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले, आणि सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती. किमतीबद्दल मी आकडा देत नाही, कारण त्या सतत खालीवर होत आहेत. औषध घेण्याच्या दिवशी दोन दुकानांत विचारावे आणि बिलाशिवाय घेऊ नये. सेमाग्लुटाइडच्या बनावट पेनांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता, त्यामुळे ओळखीच्या माणसाकडून किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीतून येणारे स्वस्त पेन टाळलेलेच बरे.

वजनाच्या गोळ्यांचा पूर्वेतिहास इथे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण दुकानदार आजही त्यांची नावे सुचवतात. सिब्युट्रामिन हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपातून गेले आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. पूर्णपणे नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही भुकट्यांत आणि कॅप्सूलमध्ये तेच लपवलेले सापडत असते. रिमोनाबँट नैराश्यामुळे, तर लॉर्कासेरिन कर्करोगाच्या शक्यतेमुळे मागे घेतले गेले. ऑरलिस्टॅट उपलब्ध आहे आणि तुलनेने सुरक्षित आहे. ते अन्नातील साधारण तीस टक्के चरबी शोषू देत नाही, पण गुण माफक आहे आणि तेलकट जुलाब होतात. शिवाय त्यामुळे थायरॉक्सिनचे शोषणही कमी होऊ शकते, म्हणून आपल्यासाठी मी ते सुचवणार नाही.

सुईच्या भीतीला मी हसण्यावारी नेत नाही. बहुतेकांच्या मनात इंजेक्शन म्हणजे लहानपणी दंडावर किंवा कमरेत मिळालेली लांब सुई असते. या पेनची सुई इन्सुलिनच्या पेनला लावतात तशीच, चार मिलिमीटरच्या आसपास लांबीची आणि फार बारीक असते. ती पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखालच्या चरबीत जाते, स्नायूत जात नाही. दवाखान्यात परिचारिकेसमोर पहिली मात्रा स्वतःच्या हाताने घेतली की बहुतेकांचा प्रश्न तिथेच सुटतो. सुई पाहून घेरी येणारी थोडी माणसे खरोखर असतात, आणि त्यांच्यासाठी गोळी हा योग्य पर्याय आहे. आपण रक्ततपासणीला जाता तेव्हा काय होते ते आठवून पाहा. तिथे निभावत असेल, तर वर्षाच्या ५२ टोचण्या आणि वर्षाच्या ३६५ सकाळी यांची तुलना करून ठरवता येईल.

आपल्या बाबतीत वजनाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे तो शरीराचा घाट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन मोजणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. ती तुलना त्यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापली आणि आपल्या लोकांत सारख्याच वजनाला स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, ही गोष्ट जगाला कळली. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा बीएमआय २५ वर मानतात. आपला बीएमआय ३४ च्या वर आहे, त्यामुळे कोणत्याही मोजपट्टीने आपण औषधाच्या कक्षेत बसता. मात्र मुळातच स्नायू कमी असताना औषधाने वजन उतरले की त्यात स्नायूही जातात. स्टेप-१ मधील काही लोकांच्या शरीररचनेच्या तपासणीत, उतरलेल्या वजनातला जवळजवळ दोन-पंचमांश भाग चरबीखेरीज इतर ऊतींचा होता. भूक मेली म्हणून दोन बिस्किटे आणि चहावर संध्याकाळ काढली, तर हे नुकसान वाढते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, आणि वाटीभर शिजलेल्या उसळीतून जेमतेम सात-आठ ग्रॅम मिळतात, हे लक्षात घेतले की पनीर, दही, सोयाबीन, चालत असतील तर अंडी आणि मासे, यांना ताटात पोळीच्या आधी जागा द्यावी लागते. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि बटाट्यावर राहणे या औषधाच्या काळात टाळावे. आठवड्यातून दोन-तीन वेळा वजन उचलण्याचा व्यायामही हवा. नुसते चालणे स्नायूंना पुरत नाही.

यकृताबद्दलही सांगायला हवे. यकृताला मध्यम ते प्रगत कडकपणा आलेला असेल, पण तो सिरोसिसपर्यंत गेलेला नसेल, तर सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये त्या आजारासाठीही मान्यता मिळाली आहे. तो पुरावा इंजेक्शनचा आहे. आपल्या सोनोग्राफीत फक्त चरबी दिसली आहे. कडकपणा आहे का ते फायब्रोस्कॅनने, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणाऱ्या तपासणीने कळेल, आणि तो असल्यास गोळी की इंजेक्शन या प्रश्नाचे पारडे इंजेक्शनकडे झुकेल. तपासणी साधी आहे, औषध सुरू करण्याआधीच करून घ्यावी.

औषध किती काळ घ्यायचे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो सगळ्यांत मोठा आहे. स्टेप-१ मधील लोकांचे औषध बंद झाल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे दोन-तृतीयांश परत आले. गोळीला हा नियम चुकणार नाही. रक्तदाबाच्या औषधाप्रमाणे हे लांब पल्ल्याचे औषध आहे, असे मानूनच सुरुवात करावी. सहा महिन्यांचा कोर्स म्हणून पैसे खर्च करणार असाल तर मी थांबायला सांगेन. गोळीचे खरे स्थान मला दिसते ते या लांब पल्ल्यात. इंजेक्शनने वजन उतरवायचे आणि नंतर ते राखण्यासाठी गोळीवर यायचे, या कल्पनेचा ऑर्फोरग्लिप्रॉनवर अभ्यास झाला आहे. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनवरून त्या गोळीवर आलेल्यांचे वजन वर्षभरात सरासरी ०.९ किलोनेच वाढले, टर्झेपाटाइडवरून आलेल्यांचे मात्र ५ किलोंनी वाढले.

भाच्याकडून गोळ्या मागवू नयेत. औषध कमी मात्रेपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवावे लागते, प्रत्येक टप्प्यावर पोटाची तक्रार, टीएसएच आणि वजन पाहून पुढे जायचे की थांबायचे ते ठरते, आणि तीन महिन्यांचा साठा सूटकेसमधून आला की लोक हे टप्पे स्वतःच ठरवू लागतात. साठा संपला आणि पुढचा प्रवासी मिळाला नाही तर खंड पडतो. मोठ्या खंडानंतर पूर्ण मात्रेवर एकदम परत आल्यास उलट्यांनी हैराण व्हायला होते.

माझा सल्ला विचाराल, तर आपल्या डॉक्टरांनी सुचवलेले इंजेक्शन मी आधी घेऊन पाहीन. पूर्ण मात्रेवर काही आठवडे गेल्यावरही वजन चार-साडेचार किलोंनी, म्हणजे पाच टक्क्यांनीही उतरले नाही, तर औषध बदलण्याचा विचार करावा लागेल. आपली शाळा दुपारच्या सत्रात असती आणि थायरॉक्सिन सुरू नसते, तर मी गोळीला इतका विरोध केला नसता. तरीही मनातून गोळीच हवी असेल, तर एक पैसाही खर्च न करता आधी रंगीत तालीम करता येते. शाळा सुरू असलेले दोन आठवडे निवडावेत. उठल्यावर दोन घोट पाणी प्यावे, अर्ध्या तासाने थायरॉक्सिन घ्यावे आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा, दूध, बिस्कीट काहीही घेऊ नये. कोणत्या दिवशी हे जमले आणि कोणत्या दिवशी मोडले ते कॅलेंडरवर खुणा करून ठेवावे आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जावे.